माझ्या सहीचा बसस्टॉप

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. ज्ञानाची तहान वगैरे काही लागली नव्हती. आमच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला शनिवार सोडायचा नव्हता, एवढंच.

आमचं ऑफिस छोटं आहे. रस्ते, फुटपाथ आणि चौक यांचे नकाशे करून द्यायचे आणि काम सुरू झालं की ते नकाशाबरहुकूम होतंय का, हे साइटवर जाऊन बघायचं. मी तिथे पंचवीस वर्षं आहे. आधी स्थापत्याचा डिप्लोमा, मग नोकरी करता करता डिग्री, आणि त्यानंतर अभ्यासाशी संबंध आला तो मुलीच्या दहावी-बारावीपुरता. एके दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"वाहतूक अभियांत्रिकी आणि स्मार्ट सिटी तंत्रज्ञान," ते एका पत्रकावरून वाचत म्हणाले. "दहा शनिवारांचा कोर्स आहे. हल्ली नवीन कामासाठी अर्ज केला की विचारतात, टीममध्ये असं शिकलेलं कोण आहे?"

"मग आपल्या नवीन इंजिनिअरला पाठवा की. त्याला पटापट कळेल."

"त्याचं लग्न ठरलंय. शनिवारी खरेदी असते."

"माझं कधीच झालंय."

"म्हणूनच तुम्ही," असं म्हणून साहेबांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं.

घरी सांगितलं तेव्हा नवरा पेपर वाचत होता. "वा," पेपर खाली न करता तो म्हणाला, "म्हणजे आता शनिवारची भाजीही मीच आणायची तर." आमच्या घरात अभिनंदन असंच होतं.

कोर्स हडपसरच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात होता. पहिल्या शनिवारी बिबवेवाडीहून स्कूटर काढली आणि बावीस मिनिटं उशिरा पोहोचले. बघते तर निम्मा वर्ग माझ्यानंतर आला. सगळी पोरं पंचविशी-तिशीतली, प्रत्येकासमोर लॅपटॉप. मी वही आणि टोक काढलेल्या दोन पेन्सिली घेऊन गेले होते. पुढच्या रांगेत एक खुर्ची मोकळी दिसली. शेजारी कुरळ्या केसांची एक मुलगी बसली होती. तिने आपली बॅग उचलून मला जागा करून दिली आणि हळूच विचारलं, "आंटी, तुम्ही पण कोर्सला का?"

"हो. आणि मॅडम म्हटलंस तरी चालेल."

"सॉरी मॅडम," असं म्हणून ती इतकं मोकळं हसली की माझा राग तिथेच संपला.

शिकवणारे सर सत्तरीच्या आसपासचे. किडकिडीत, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, आणि आवाज इतका हळू की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. सगळे येऊन बसेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत उभे होते. मग म्हणाले, "वर्ग नऊला होता. मी कुणालाही काही बोलणार नाही. फक्त ज्यांना ट्रॅफिकमुळे उशीर झाला त्यांनी एका कागदावर लिहून द्यावं, कुठे अडकलात, किती वेळ, आणि तुमच्या पुढे नेमकं काय अडलं होतं."

आम्ही लिहून दिलं. त्यांनी चाळून पाहिलं. सगळ्यात वरचा कागद नेमका माझा होता.

"'खूप ट्रॅफिक होतं,'" त्यांनी वाचलं. "हे प्रवाशाचं उत्तर झालं. तुम्ही काय करता?"

"रस्त्यांचे नकाशे करते सर. पंचवीस वर्षं."

"असं? मग आपण फार उशिरा भेटलो."

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले. खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांत मी रस्त्याची रुंदी मोजली होती, उतार मोजला होता, खडीचा थर मोजला होता. त्या रस्त्यावर माणसाचा वेळ कुठे जातो, हे मोजायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या शिक्षणात एक रस्ता झाला की काम झालं. पुढे त्यावरून कोण कसं जातं, ते नशिबावर.

पुढचे तीन शनिवार माझी तारांबळ उडाली. एका सॉफ्टवेअरमध्ये आपण रस्ते काढायचे, सिग्नल लावायचे आणि मग स्क्रीनवर बारीक बारीक गाड्या सोडायच्या. खरा चौक बदलण्याआधी खोटा चौक चालवून बघायचा, अशी ती युक्ती. इतरांच्या गाड्या शहाण्यासारख्या सिग्नलला थांबायच्या. माझ्या गाड्या एकमेकींच्या आरपार जायच्या. एक बस तर सरळ इमारतीत शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली.

"मॅडम, तुम्ही दोन रस्ते एकावर एक काढलेत, जोडले नाहीत," शेजारची मुलगी म्हणाली. "हे बघा, इथे क्लिक करा. आता परत तुम्ही करा. मी नाही करणार."

ती वर्ध्याकडची. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला होती. चौकाचौकांत जे कॅमेरे लागतात, त्यांच्या चित्रातून गाड्या ओळखणारं सॉफ्टवेअर त्यांची टीम लिहायची. राहायला तिकडेच हॉस्टेलमध्ये. शनिवारी पहाटे उठून दोन बस बदलून ती हडपसरला यायची, म्हणजे वर्गातला सगळ्यात लांबचा प्रवास तिचा, आणि पहिल्या दिवसानंतर वेळेवर येणारीही तीच.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला. मेथीची भाजी बघून ती म्हणाली, "बाप्पा! घरची भाजी!" तेव्हापासून मी दोन पोळ्या जास्त न्यायला लागले. जेवताना मी तिला विचारलं, "तू इतके चौक मोजतेस, त्यातले कुठले पाहिलेत?"

ती विचारात पडली. "पाहिले म्हणजे... स्क्रीनवर. गाडीभोवती चौकोन येतो, त्याला नंबर पडतो. नवा नंबर पडला की काउंट एकने वाढतो."

"कधी उभी राहिली नाहीस?"

"काहून उभी राहू मॅडम? कॅमेरा आहे ना तिथे."

चौथ्या शनिवारी सरांनी जोड्या पाडल्या. प्रत्येक जोडीने एक खरा चौक घ्यायचा, मोजायचा, त्याचं दुखणं शोधायचं आणि शेवटच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगायचं. सॉफ्टवेअर काय म्हणतं ते दाखवायचंच, पण दोन दिवस चौकात उभं राहून हातानेही मोजायचं. पोरांमधून नाराजीचा सूर निघाला. सर म्हणाले, "आणखी एक. गाड्या सगळेच मोजतात. त्या गाड्यांत माणसं बसलेली असतात, असं मी ऐकून आहे. तीही मोजा."

आम्ही दोघी एका जोडीत आलो. चौक मी सुचवला, बिबवेवाडीतला, माझ्या घराजवळचा. एक तर ओळखीचा. दुसरं म्हणजे, अकरा वर्षांपूर्वी त्या रस्त्याचं काम झालं तेव्हा नकाशा मी केला होता. फुटपाथ कुठे रुंद होतो, कठडा कुठे वळतो, सगळं पाठ. मनातल्या मनात थोडा अभिमानही होता, आणि आपलं काम या पोरीला दाखवावं असंही वाटत होतं. नकाशा माझा, हे तिला शेवटी ऐटीत सांगायचं ठरवलं होतं. दुसरी एक गोष्ट तर मी सांगितलीच नाही. रोज ऑफिसला जाताना मी स्वतः तो चौक टाळून मागच्या गल्लीतून स्कूटर काढायचे. का, तर तिथे फार अडकायला होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

मंगळवारी मी अर्धी रजा टाकली, तिने घरून काम करतेय असं सांगितलं. सकाळी आठला आम्ही चौकात. कोपऱ्यावर शिकवणीचे वर्ग चालवणाऱ्या बाईंच्या गच्चीवर तिचा कॅमेरा तिकाटण्यावर उभा केला आणि खाली आम्ही फुटपाथवर वह्या घेऊन बसलो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. तिला हे नवीन होतं. पहिल्या दहा मिनिटांत ती रडकुंडीला आली.

"मॅडम, हे थांबतच नाहीत! मी एक रेघ मारते तोवर चार बाइक जातात!"

"मान खाली घालू नकोस. बोटांनी रेघ मार, डोळे रस्त्यावर ठेव."

तिथे ड्यूटीवर असलेले हवालदार आमच्याकडे बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले. पन्नाशीचे, गावाकडच्या बोलीचे, मिशीत हसणारे.

"काय मोजताय म्याडम?"

"गाड्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मोजा, मोजा," ते म्हणाले. "मी नऊ वर्सं मोजतोय. संपत न्हाईत."

साडेदहाला मोजणी थांबवली आणि कॅमेऱ्याचा आकडा आमच्या आकड्याशी ताडून पाहिला. मोटारी जवळपास जुळल्या. मग ती एकदम थबकली. तिच्या सॉफ्टवेअरला हातगाड्या भलत्याच जास्त दिसल्या होत्या. हवालदारांसकट आम्ही तिघांनी स्क्रीनवर डोकी घातली. गच्चीखाली एक केळीवाला गाडी लावून उभा होता. त्याच्या समोरून कुणी गेलं की गाडी क्षणभर झाकली जायची, आणि पुन्हा दिसली की सॉफ्टवेअर तिला नवीन नंबर द्यायचं. एकटा केळीवाला सकाळपासून कितीतरी वेळा चौकात आला होता. शिवाय गाद्या लादलेला एक टेम्पो बस म्हणून नोंदला गेला होता.

"त्याला सांगा," हवालदार कॅमेऱ्याकडे हनुवटी उडवत म्हणाले, "केळीवाला सा वाजल्यापासनं तितंच हाय."

पोरगी हसता हसता फुटपाथवर बसली. पण लगेच तिने मोबाइल काढून केळीवाल्याचे चारी बाजूंनी फोटो घेतले. "हे टीमला दाखवते. आम्हाला वाटायचं आमचं हातगाड्यांचं बरोबर येतं." केळीवाल्याने फोटोसाठी केस नीट केले आणि आम्हाला दोन-दोन केळी दिली.

दुसऱ्या दिवशी माणसं मोजली. बसमध्ये किती, रिक्षात किती, चालत किती. ते जास्त अवघड आणि जास्त मजेचं होतं. स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं मूल धरायचं की नाही, यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "त्यालाही कुठेतरी पोहोचायचं असतंच की." मूल धरलं.

शनिवारी कॉलेजात ती सगळी माहिती घालून आम्ही आमचा खोटा चौक चालवला. आता माझ्या गाड्या इमारतीत शिरत नव्हत्या. गाड्या जिथे खोळंबतात तिथे रस्ता लाल होतो, अशी सोय होती. मला वाटलं होतं, सिग्नलच्या पांढऱ्या रेघेपासून लाल रंग मागे पसरेल. पण तो रेघेच्या थोडा मागे सुरू झाला. सिग्नल हिरवा होता, पुढचा रस्ता मोकळा होता, आणि मागे रांग जागची हलत नव्हती.

"हे काय? सिग्नलची वेळ चुकली असेल आपली," मी म्हटलं.

"नाही मॅडम, वेळ बरोबर आहे. हे बघा." तिने चित्र मोठं केलं. "बस. इथे चौकाच्या तोंडावरच स्टॉप आहे. बस उभी राहिली की डावीकडे वळणारे तिच्यामागे अडकतात. सरळ जाणारे उजवीकडून घुसतात. निम्मा हिरवा सिग्नल तसाच वाया जातो. बस निघते तोवर लाल." मग ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "मॅडम, चौकाच्या तोंडावर स्टॉप? कोणी ठेवला असेल? काय डोकं असेल त्या माणसाचं!"

मी म्हटलं, "चल, चहा घेऊ."

तो स्टॉप मी ठेवला होता.

चहा पिताना मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. सोमवारी ऑफिसात जाऊन जुन्या नकाशांच्या गुंडाळीत तो स्टॉप शोधला. होता. पेन्सिलीने काढलेला छोटा आयत, बाजूला माझ्या अक्षरात सूचना, 'बसथांबा झाडाखाली हलवावा', आणि खाली माझी सही. ती बघितली आणि सगळं आठवलं. आधीचा स्टॉप चौकाच्या शंभरेक पावलं मागे होता. भर उन्हात. मे महिन्यात मी मोजमापाला गेले होते. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावर पेपर धरून उभे होते आणि दोन बायका विजेच्या खांबाच्या सावलीत उभं राहायचा प्रयत्न करत होत्या. खांबाची ती सावली केवढी असणार! चौकाशी मात्र मोठा कडुनिंब होता. मी टेप टाकली, नकाशावर स्टॉप उचलून झाडाखाली ठेवला आणि मनाशी म्हटलं, चला, आज काहीतरी चांगलं केलं. पुढे कितीतरी वर्षं घरी आलेल्या पाहुण्यांना मी तो स्टॉप दाखवत असे.

त्या संध्याकाळी जेवायच्या आधी नवऱ्याला सांगितलं. त्याने या वेळी पेपर खाली ठेवला.

"म्हणजे बँकेत नोकरीला असताना इतकी वर्षं मी त्या चौकात ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो..."

"मी."

"बरं झालं तेव्हा माहीत नव्हतं," तो म्हणाला. "घरात रोज दोन भांडणं झाली असती." आणि मग जरा मऊ आवाजात, "सांगणार आहेस का वर्गात?"

"अहो, तेच कळत नाहीये."

त्यानंतर कित्येक दिवस मला नीट झोप लागली नाही, असं म्हटलं तर खोटं ठरेल. झोप चांगली लागली. पण जागेपणी तेच डोक्यात. सांगायची कुणी सक्ती केली नव्हती. स्टॉप चुकीच्या जागी आहे, एवढं म्हटलं तरी चालण्यासारखं होतं. पण त्या पोरीने प्रत्येक वेळी मला म्हटलं होतं, "आता परत तुम्ही करा," आणि मी तिच्यासमोर दहा-दहा वेळा चुकले होते. तेव्हा कधी लाज वाटली नाही. मग याचीच का वाटावी?

शेवटच्या वर्गात आमचा नंबर तिसरा होता. तिने केळीवाल्याची गोष्ट अशी रंगवून सांगितली की सरसुद्धा हसले. मग लाल झालेला रस्ता दाखवला, बस दाखवली. पुढचं माझ्याकडे होतं. मी जुन्या नकाशाचा फोटो पडद्यावर लावला.

"हा अकरा वर्षांपूर्वीचा नकाशा," मी म्हटलं. "बसस्टॉप पहिल्यांदा चौकाच्या तोंडावर आला तो इथे. आणि खाली जी सही आहे, ती माझी आहे."

पोरगी माझ्या शेजारी उभी होती. तिने सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "मॅडम, मी काय काय बोलली तुम्हाला!" ती कुजबुजली, पण माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं आणि हशा पिकला.

सर उभे राहिले. "इतकी वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "लोक चुका घेऊन येतात, पण सगळ्या बेवारस. चुकीबरोबर तिचा मालकही हजर, हे आज प्रथमच पाहिलं." मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "तिथे का ठेवलात?"

मी ऊन, खांबाची सावली, डोक्यावरचा पेपर, सगळं सांगितलं.

"मग तेही अहवालात लिहा," ते म्हणाले. "तुमचं कारण बरोबर होतं, जागा चुकली. नुसती जागा बदलून दिलीत तर ती माणसं पुन्हा उन्हात येतील आणि पुढे कुणीतरी दुसरं स्टॉप उचलून परत झाडाखाली आणेल." फळ्यावर त्यांनी चौक काढला आणि स्टॉप चौक ओलांडल्यावर पलीकडे ठेवला. "बसने आधी सिग्नल पार करावा, मग थांबावं. मागचे मोकळे होतात. आणि त्यावर छप्पर दाखवा. मोठं."

अहवाल आम्ही तसाच लिहिला. साहेबांनी वाचून कपाळाला हात लावला. "आपल्याच नकाशाला आपणच चूक म्हणायचं?" मी म्हटलं, "दुसऱ्या कुणी म्हणण्यापेक्षा बरं." ते दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पत्रासकट अहवाल पुढे पाठवला. त्यानंतर मंजुरीसाठी तीन ठिकाणी जावं लागलं. तिन्हीकडे माणसं भली भेटली. फक्त एका वेळी कधी भेटली नाहीत. पाच-सहा महिने गेले. एका शुक्रवारी निरोप आला, सोमवारपासून स्टॉप प्रायोगिक तत्त्वावर चौकापलीकडे. आणि छप्पर? छपराचं काम नंतर.

सोमवारी सकाळी मी तिथे हजर होते. पोरगीही हिंजवडीहून आली. झालं असं की स्टॉपची पाटी पलीकडे गेली, पण माणसं झाडाखालीच उभी. बस समोरून निघून जायची आणि सगळे तिच्यामागे सिग्नलमधून धावत सुटायचे. आम्ही दोघी हातवारे करून लोकांना पलीकडे पाठवत होतो. हवालदार शिट्टी मारून मारून घामाघूम झाले होते. अशात एक आजी काठी टेकत माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. रोज सकाळच्या बसने त्या बहिणीकडे जात.

"हे कुणाचं डोकं?" त्यांनी विचारलं.

"माझं, आजी."

"आणि आधी झाडाखाली ठेवला होता तो?"

"तोही मीच."

आजींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "मग तेव्हा चांगली होतीस की," त्या म्हणाल्या. "आता काय झालं?"

पोरीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलताना दिसत होते. मी आजींचा हात धरून त्यांना पलीकडे नेलं आणि वाटेत सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. "तुझ्या गाड्या लवकर जाव्यात म्हणून मी उन्हात उभी राहू?" हा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना विचारलं, "हेच तुम्ही लिहून द्याल का?" त्यांनी बसमध्ये बसता बसता माझ्या वहीत सही केली. दोन दिवसांत स्टॉपवरच्या आणखी पुष्कळ जणांच्या सह्या घेतल्या आणि तो कागद मी स्वतः नेऊन दिला. छप्पर लागायला महिना लागला. तोपर्यंत शिकवणीच्या बाईंनी आपली मांडवाची जुनी कनात बांधू दिली. हवालदारांनी वरची दोरी ओढून धरली आणि मी गाठ मारली.

चौक सुधारला का? त्या महिन्याच्या शेवटी आम्ही पुन्हा एकदा वह्या घेऊन बसलो. सकाळच्या गर्दीत रांग पूर्वी शिकवणीच्या वर्गाच्याही मागे जायची, ती आता निम्म्यावर थांबत होती. डावीकडे वळणारे सटासट निघत होते. संध्याकाळी मात्र फारसा फरक दिसला नाही. हवालदारांना विचारलं तर मिशीत हसून म्हणाले, "फरक हाय म्याडम. लई न्हाई, पण हाय. आदी माजी पाण्याची बाटली दहाला संपायची. आता बाराला संपती." आजींचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. छपराखाली बसूनही त्या म्हणत, झाडाचा गारवा वेगळाच. त्यांचंही खोटं नव्हतं.

सर्टिफिकेट मिळालं. साहेबांनी ते ऑफिसात लावलं. पुढच्या कोर्सचं पत्रक आलं तेव्हा त्यांनी काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "मी जाते." हा कोर्स फुटपाथ आणि पायी चालणाऱ्यांवर आहे. नवीन इंजिनिअरचं लग्न झालंय. या वेळी तोही बरोबर येतोय.

मध्यंतरी त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, आमच्या टीमला एक तास शिकवाल? केळीवाल्याचे फोटो मी सगळ्यांना दाखवले. ते म्हणाले, ज्यांनी हा पकडला त्यांना बोलव."

मी म्हटलं, "अगं, मी काय शिकवणार? मला तुमचं ते सॉफ्टवेअर अजून नीट येत नाही."

"तेच नको आहे मॅडम."

त्यांच्या कंपनीच्या बसमध्ये बसून मी हिंजवडीला गेले. काचेची भलीमोठी इमारत, गार खोली, दहा-बारा पोरंपोरी, आणि भिंतीवर एवढा मोठा पडदा. त्यावर कुठल्याशा चौकाचं चित्र चालू होतं, गाड्यांभोवती चौकोन, चौकोनांना नंबर. मी पाच मिनिटं बोलले. मग म्हटलं, "खाली जाऊया का?"

ती सगळी एकमेकांकडे बघायला लागली. पण उठली. लिफ्टने खाली, फाटकाबाहेर, कंपन्यांच्या बसगाड्या जिथे वळतात तिथे आम्ही फुटपाथच्या कडेला रांगेने बसलो. पोरीने सगळ्यांना कागद वाटले. ऊन उतरत होतं, रस्ता तुडुंब होता. एका मुलाने विचारलं, "मॅडम, नक्की काय बघायचं?"

"आधी दहा मिनिटं नुसतं बघा," मी म्हटलं.

पाचेक मिनिटं गेली. मग तोच मुलगा पुढे वाकून म्हणाला, "ते काका बघितलेत का? बसमधून उतरले आणि तेव्हापासून रस्ता ओलांडायला तिथेच उभे आहेत. आपल्या सॉफ्टवेअरला ते दिसतच नसणार. ते गाडीत नाहीत ना."

पोरीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तो मुलगा तोवर उठला होता आणि हात वर करून, गाड्या थांबवत, त्या काकांकडे निघाला होता.